रवांडा: तेच तेच प्रश्न, एकदाच उत्तरं

सांगलीत राज्यशास्त्र शिकवतोय, दर एप्रिलला आफ्रिकेतल्या रवांडाचे (तिथला १९९४ चा नरसंहार एप्रिलमध्येच सुरू झाला) तेच फॉरवर्ड आणि तेच प्रश्न येतात, म्हणून निवडक प्रश्नांना इथंच उत्तरं देतो.

हुतू आणि तुत्सी हे दोन वेगळे वंश का? (तासगाव)
नाही. भाषा एक, गावं एक. १९३० च्या दशकात बेल्जियन राज्यकर्त्यांनी ओळखपत्रावर जमात लिहिली आणि १९९४ ला हुतू कट्टरपंथीयांनी नाक्यानाक्यावर तेच कार्ड बघून तुत्सी माणसं मारली.

रवांडाच्या कॉफीत पैसे घातले की दोन वर्षांत दुप्पट, असं एजंट म्हणतो. (कराड)
घालू नका. १९८९ ला आंतरराष्ट्रीय कॉफी करार मोडला तेव्हा भाव कोसळून तिथला शेतकरी पार खचला होता. आधी सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला कागद दाखवा.

एका खमक्या नेत्यानं देश उभा केला, आपल्यालाही तसाच पाहिजे ना? (वाई)
हा फॉरवर्ड मला आठवड्याला दोनदा येतो, वरती राजधानी किगालीच्या चकाचक रस्त्याचा फोटो, आणि फोटो खोटा नाही. १९९४ च्या शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली, त्या एका वर्षात अर्थव्यवस्था निम्म्यावर आली, तिथून उठून देश बरीच वर्षं सात टक्क्यांच्या आसपास वाढला, संसदेत निम्म्याहून जास्त बायका, गरीब घराला गाय देणारी गिरिंका योजना, २०१८ ला आपल्या पंतप्रधानांनी तिथं २०० गाई दिल्या, सगळं मान्य. पण पुढचं का कापता? परदेशी मदत किती लागली ते नाही. २०२४ ला त्या नेत्याला, म्हणजे राष्ट्राध्यक्ष कागामेंना, ९९ टक्के मतं पडली, विरोधी नेत्या व्हिक्टोआर इंगाबिरेंना उभंच राहू दिलं नाही, ते नाही. नरसंहाराची विचारसरणी पसरवता म्हणून टीकाकारांवर खटले भरतात, ते नाही. कांगोतल्या एम२३ बंडखोरांमागे रवांडाचं सैन्य आहे असं यूएनच्या तज्ज्ञांनी लिहिलंय, रवांडा नाकारतं, पण जानेवारी २०२५ ला कांगोतलं गोमा शहर या बंडखोरांच्या हाती पडलं तेव्हा डोक्यावर गादी, पाठीला पोर बांधून बाया वाट फुटेल तिकडं निघाल्या होत्या. रस्ता फोटोत येतो, बोलायला घाबरणारा माणूस येत नाही. भाषणात हे मांडणार असाल तर कृपा करून आधी कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना वाचायला द्या.

आमची तंटामुक्ती समिती गाचाचासारखी चालवावी का? (जत)
नको. गाचाचा म्हणजे नरसंहाराचे खटले चालवणारी गावकोर्टं, ती नाइलाजाची वाट होती, न्यायाधीश मारले गेलेले, तुरुंगात पाय ठेवायला जागा नाही, मग गावोगाव १२ हजारांच्या आसपास कोर्टं बसवून २०१२ पर्यंत जवळजवळ २० लाख प्रकरणं उरकली. आरोपीला वकील नसायचा. बांधाचं भांडण मिटवा, पण मारहाण, अत्याचार असलं काही आलं तर त्याच दिवशी पोलीस आणि वकील, गावकीची मीटिंग नंतर.

भाच्याला किगालीत नोकरी लागतेय, एजंट आधी दीड लाख मागतोय. (मिरज)
देऊ नका. परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटची नोंदणी बघा, ऑफर लेटर किगालीच्या आपल्या हाय कमिशनला मेल करून विचारा, आणि भाच्याला सांगा उत्तर येईपर्यंत पासपोर्ट कुणाच्या हातात द्यायचा नाही.