पुण्यात कापडी पिशव्यांचा धंदा सुरू करायचाय, शिलाई बाहेरून करून घेणार. आधी काय तयारी करू?

नोंदणीच्या मागे लागण्याआधी एकच पिशवी दोन वेगळ्या शिलाईवाल्यांकडून शिवून घ्या. मी गेली सहा वर्षं धायरीतून जॉबवर्क (कापड आपलं, शिलाई त्यांची) करून घेतोय. पहिल्याच लॉटमध्ये पिशव्यांचे बंद (धरायचे पट्टे) दोन इंच आखूड आले आणि भांडायला कागदच नव्हता. तेव्हापासून मंजूर नमुन्यावर शिलाईवाल्याची आणि माझी, दोघांच्या सह्या घेतो, तो नमुना माझ्याकडे ठेवतो आणि चलनावर (कापडासोबत द्यायच्या कागदावर) हे लिहितो:

- कापड किती मीटर दिलं, किती नग परत यायचे
- चिंध्या कोणाच्या (हसू नका, इथेच वाजतं)
- खराब नगाची मजुरी कापणार की दुरुस्ती फुकट

पहिली ऑर्डर पन्नास नगांची, तीही गणपती-दिवाळीच्या तोंडावर नको. तेव्हा नवख्याचं काम बाजूला पडतं. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीतून सूट आहे, पण महाराष्ट्राबाहेर माल पाठवणार असाल तर ती सूट सहसा मिळत नाही. तेवढं सीएला आधीच विचारा.