उबुंटूत राइट-क्लिकवर कोरी फाइल का मिळत नाही?

प्रश्न : विंडोज सोडून उबुंटू 22.04 घेतलं. राइट-क्लिक केल्यावर ‘न्यू फोल्डर’ दिसतं, पण कोरी टेक्स्ट फाइल करायची सोय दिसत नाही. टर्मिनलमध्ये न शिरता ती करता येईल का?

उत्तर : येईल, आणि वेगळं काही इन्स्टॉलही करावं लागणार नाही. तुमच्या होममध्ये, म्हणजे तुमच्या नावाच्या मुख्य फोल्डरमध्ये, ‘टेम्प्लेट्स’ नावाचा फोल्डर आहे. तो रिकामा असतो, म्हणूनच मेनूत ‘न्यू डॉक्युमेंट’ येत नाही. टेक्स्ट एडिटरमधून एक कोरी फाइल ‘कोरी’ या नावाने, शेवटी डॉट टीएक्सटी लावून, तिथे सेव्ह करा. आता कुठल्याही फोल्डरच्या मोकळ्या जागेत राइट-क्लिक करा : ‘न्यू डॉक्युमेंट’मध्ये ‘कोरी’ दिसेल. निवडलीत की तिची नक्कल त्या फोल्डरमध्ये उतरते; मूळ फाइल जागची हलत नाही.

टेक्स्ट फाइलचं नुसतं नाव बदलून तिची डॉट ओडीटी मात्र करू नका. ओडीटी ही लिब्रेऑफिस रायटर या लेखनाच्या प्रोग्रामची फाइल; ती आतून झिप केलेली पेटी असते, नाव बदलल्याने ती तयार होत नाही. रायटर उघडून कोरं पान टेम्प्लेट्समध्ये सेव्ह करा. सेव्ह करताना प्रकार ओडीटीच ठेवा.

मराठीत लिहिणाऱ्यांनी इथे पाच मिनिटं जरूर द्यावीत. रायटर रोमन आणि देवनागरीचे फॉन्ट वेगवेगळे लक्षात ठेवतो. त्यामुळे कोऱ्या पानावर टूलबारमधून 14 पॉइंट निवडले तरी मराठी टाइप करताना अक्षर जुन्याच मापात उमटू शकतं. टूल्स, ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’वर (सीटीएल, म्हणजे देवनागरीसारख्या लिपींची सोय) खूण करून मराठी निवडा. मग ‘डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल’ एडिट करून ‘फॉन्ट’ टॅबमध्ये सीटीएलखाली तुमच्याकडे असलेला देवनागरी फॉन्ट आणि 14 भरा. पानाचं माप ए4 करून सेव्ह केलंत, की या फाइलवरून केलेला प्रत्येक नवा अर्ज याच मापात उघडेल.

टेम्प्लेट्समध्ये उपफोल्डर केलेत तर त्यांचे उपमेनू होतात.

‘टेम्प्लेट्स’ फोल्डरच चुकून डिलीट झाला असेल, तर तो त्याच नावाने पुन्हा करूनही कधीकधी मेनू येत नाही. मधल्या काळात लॉगिन झालं की सिस्टिम त्याची जागा ‘होम’ अशी नोंदवून ठेवते. होममध्ये कंट्रोल-एच दाबा म्हणजे लपलेले फोल्डर दिसतील, ‘डॉट कॉन्फिग’मधली ‘यूझर-डर्स डॉट डर्स’ फाइल एडिटरमध्ये उघडा, टेम्प्लेट्सच्या ओळीत होमपुढच्या तिरक्या रेघेनंतर फोल्डरचं नाव लिहा आणि लॉगआउट करून परत या.