चेर्नोबिलनंतर थायरॉइडचा कर्करोग मुलांनाच जास्त का झाला?

मुख्यतः दुधामुळे. चेर्नोबिलच्या अणुभट्टीत एप्रिल १९८६ मध्ये झालेल्या स्फोटातून उडालेलं आयोडीन-१३१, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, गवतावर बसलं, ते गायींनी खाल्लं आणि काही दिवसांतच मुलांच्या पेल्यात आलं. थायरॉइडला साधं आयोडीन आणि किरणोत्सारी आयोडीन यांतला फरक कळत नाही. त्यात बेलारूस-युक्रेनच्या त्या पट्ट्यात आहारातच आयोडीन कमी, म्हणून ग्रंथीनं ते अधाशासारखं ओढलं. मुलांची ग्रंथी लहान, दूध जास्त. म्हणून किरणोत्साराची मात्रा मोठ्यांपेक्षा कितीतरी पट बसली. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सारविषयक वैज्ञानिक समितीनं २००५ पर्यंत असे ६,००० हून अधिक रुग्ण नोंदवलेत. अर्थात सगळेच किरणोत्सारामुळे नव्हेत, आणि बहुतेक जण उपचारांनी वाचले. हे आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं. ते दूध वेळीच थांबवलं असतं तर कितीतरी मुलं यातून सुटली असती, हेच जिवाला लागतं.