पीएलसी विकत न घेता, नुसत्या सिम्युलेटरवर पीएलसी प्रोग्रॅमिंग शिकता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे की इलेक्ट्रिकलचं शिक्षण झालंय, पीएलसी (कारखान्यातली मशीन चालवणारा कंट्रोलर) विकत घेणं परवडत नाही, तर कुठलं सिम्युलेटर घ्यावं आणि त्यावर शिकलेलं पुढे कामात उपयोगी पडेल का. पडेल. पॅनेल आणि कमिशनिंग (मशीन जागेवर पहिल्यांदा सुरू करून देणं) हेच माझं रोजचं काम आहे, आणि लॉजिकचा भाग पूर्णपणे कॉम्प्युटरवर शिकता येतो हे मी खात्रीने सांगतो. फक्त सिम्युलेटरमधलं मशीन नीट चालतंय एवढं पाहून थांबू नका. ते मुद्दाम बिघडवा. खरं शिक्षण तिथून सुरू होतं.

आधी सॉफ्टवेअरचं बोलू, कारण नवीन माणूस इथेच महिनोन्‌महिने अडकतो. माझी पहिली पसंती कोडेसिस. प्रोग्रॅम लिहिण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सिम्युलेशन त्यातच आहे, आणि बटणं-दिवे-टाक्या दाखवणारा स्क्रीनही त्यातच बनवता येतो. त्याचा सॉफ्ट पीएलसी (कॉम्प्युटरलाच पीएलसीसारखं चालवणारा प्रोग्रॅम) कॉम्प्युटरवर परवान्याशिवाय दोन तास चालतो, मग थांबतो. पुन्हा सुरू करायचा. शिकायला तेवढं पुष्कळ झालं. शिवाय कोडेसिस आयईसी ६११३१-३ या मानकाप्रमाणे चालतं. हे मानक १९९३ साली आलं, आणि लॅडर (रिलेच्या सर्किटसारखी दिसणारी), फंक्शन ब्लॉक, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट या भाषा आज बहुतेक कंपन्या त्याच चौकटीत देतात. इन्स्ट्रक्शन लिस्ट नावाची भाषा २०१३ च्या आवृत्तीत कालबाह्य ठरवली गेली, तिच्यावर वेळ घालवू नका.

तुम्हाला विशिष्ट कंपनीच्या पीएलसीवर काम करायचं असेल तर त्यांचंही काही ना काही मिळतं. रॉकवेलच्या कनेक्टेड कंपोनंट्स वर्कबेंचची साधी आवृत्ती फुकट आहे आणि त्यात मायक्रो ८५० चा सिम्युलेटर येतो. डेल्टाच्या डब्ल्यूपीएलसॉफ्टमध्येही सिम्युलेटर आहे. लॉजिक्सप्रो हा सिम्युलेटर रॉकवेलच्याच जुन्या आरएसलॉजिक्स ५०० या सॉफ्टवेअरच्या धर्तीवर चालतो. त्यातला सायलो, ट्रॅफिक सिग्नल आणि बॅच मिक्सिंगचे सराव मला अजूनही नवशिक्यांसाठी उत्तम वाटतात. सीमेन्सच्या टीआयए पोर्टलची चाचणी आवृत्ती २१ दिवसांची आहे, म्हणून ती पहिल्याच दिवशी उघडू नका. डोक्यात एखादा प्रोजेक्ट पक्का झाला की मग घ्या.

यांपैकी एक निवडा आणि बदलू नका. टायमर, काउंटर, लॅचिंग (बटण सोडलं तरी आउटपुट चालू ठेवणं), इंटरलॉक (एक चालू असताना दुसरं चालू होऊ न देणं) सगळीकडे तेच असतात. बदलतात ते मेनू आणि पत्ते लिहिण्याची पद्धत.

सगळ्यात आधी स्कॅन, म्हणजे पीएलसीच्या कामाची फेरी, समजून घ्या. पीएलसी इनपुट वाचतो, प्रोग्रॅम वरून खाली चालवतो, शेवटी आउटपुट लिहितो, आणि पुन्हा पहिल्यापासून. हे वाचून पटतं, पण अंगात मुरत नाही. म्हणून एक प्रयोग करा: एकाच आउटपुटची कॉइल (ओळीच्या शेवटचं, आउटपुट चालू-बंद करणारं चिन्ह) दोन वेगवेगळ्या ओळींत वापरा. वरच्या ओळीची अट पूर्ण असूनही दिवा लागत नाही, कारण खालच्या ओळीने तोच बिट पुन्हा शून्य केलेला असतो. हे एकदा पाहिलं की साइटवरच्या कितीतरी ‘भुताटकी’ची कारणं आपोआप कळतात.

मग मोटरचं स्टार्ट-स्टॉप. इथे सिम्युलेटर एक वाईट सवय लावू शकतो, आणि त्याबद्दल मला मनापासून सांगायचंय. प्रत्यक्ष पॅनेलमध्ये स्टॉपचं बटण एनसी (नॉर्मली क्लोज्ड, एरवी जोडलेलं) असतं: दाबलेलं नसताना इनपुट चालू, दाबलं किंवा वायर तुटली की बंद. म्हणजे वायर तुटली तर मशीन थांबतं, आणि तेच आपल्याला हवं असतं. म्हणून लॅडरमध्ये स्टॉपचा कॉन्टॅक्ट एनओ (नॉर्मली ओपन, इनपुट चालू असेल तरच पुढे जाऊ देणारा) काढायचा. पण सिम्युलेटरमध्ये सगळे इनपुट सुरुवातीला शून्य असतात. मोटर चालू होत नाही, मग शिकणारा प्रोग्रॅममधला कॉन्टॅक्ट एनसी करून टाकतो आणि सगळं ‘चालायला’ लागतं. असा प्रोग्रॅम खऱ्या पॅनेलवर गेला आणि तिथे एनओ बटण जोडलं, तर वायर तुटल्यावर मोटर थांबवताच येणार नाही. प्रोग्रॅमला हात लावू नका, सिम्युलेटरमधला इनपुट आधी चालू करा.

यानंतर महागडं थ्रीडी सॉफ्टवेअर शोधण्याआधी स्वतःचं मशीन स्वतः लिहा. एक टाकी घ्या. कोडेसिसमध्ये दुसरा प्रोग्रॅम तयार करा आणि तो दर १०० मिलिसेकंदांनी चालेल अशा टास्कमध्ये ठेवा. त्यात पातळीसाठी एक रिअल (दशांश संख्या ठेवणारं) व्हेरिएबल. व्हॉल्व्ह उघडा असेल तर दर वेळी ०.५ ने वाढवा, पंप चालू असेल तर ०.३ ने कमी करा, ० आणि १०० या मर्यादा घाला. पातळी ९० च्या वर गेली की वरचा सेन्सर चालू, २० च्या खाली गेली की खालचा. झाली टाकी तयार. तुमचा मुख्य प्रोग्रॅम फक्त सेन्सर वाचेल आणि पंप-व्हॉल्व्हला आदेश देईल, पातळीच्या व्हेरिएबलला तो हात लावणार नाही. ही शिस्त पाळलीत तर हाच प्रोग्रॅम उद्या खऱ्या टाकीवर नेता येईल. मोठ्या प्लांटचे प्रोग्रॅमही साइटवर नेण्याआधी याच तत्त्वावर तपासले जातात.

आता टाकी बिघडवा. दोन्ही सेन्सर एकाच वेळी चालू करा: टाकी एकदम भरलेली आणि रिकामी असू शकत नाही, मग प्रोग्रॅम काय करतो? पंपाला आदेश गेला, पण कॉन्टॅक्टरच्या (पंपाची वीज जोडणाऱ्या स्विचच्या) ऑक्झिलरी कॉन्टॅक्टचा, म्हणजे तो खरंच जोडला गेल्याचा, फीडबॅक आलाच नाही, तर तीन सेकंद थांबून अलार्म द्यायला टायमर लावला आहे का? वीज जाऊन आली तर पंप आपोआप सुरू होतो की ऑपरेटरच्या स्टार्टची वाट पाहतो? पातळी मोजणाऱ्या ट्रान्समीटरच्या ४ ते २० मिलिअँपिअरच्या सिग्नलऐवजी शून्य मिलिअँपिअर आलं तर प्रोग्रॅम टाकी रिकामी समजून पाणी भरत सुटतो की वायर तुटली हे ओळखतो? माझ्या अनुभवात प्रोग्रॅममधलं नेहमीचं काम लवकर लिहून होतं, वेळ खातात ते असे प्रश्न. मुलाखतीत कुणी कन्व्हेयरचा प्रोग्रॅम दाखवला तर मी पहिल्यांदा हेच विचारतो.

हे जमल्यावर फॅक्टरी आयओ हा थ्रीडी कारखान्याचा सिम्युलेटर घ्या, त्याची ३० दिवसांची चाचणी मिळते. मॉडबस किंवा ओपीसी या उपकरणांच्या संवादाच्या पद्धतींनी तो बाहेरच्या प्रोग्रॅमला जोडता येतो आणि त्यात सेन्सर मुद्दाम नादुरुस्त करण्याची सोयही आहे. कन्व्हेयरवरची पेटी सेन्सरसमोर अर्धवट अडकलेली पाहिली की एज डिटेक्शन (सिग्नल चालू किंवा बंद होण्याचा नेमका क्षण पकडणं) का लागतं ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

सिम्युलेटर काय शिकवत नाही तेही सांगतो. पीएनपी आणि एनपीएन (आउटपुटला अनुक्रमे प्लस किंवा मायनस देणाऱ्या) सेन्सरची जोडणी, सैल टर्मिनल, ड्राइव्हच्या केबलमुळे सिग्नलमध्ये येणारा नॉइज, हे हाताने काम केल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी ओपनपीएलसी हे फुकट सॉफ्टवेअर रास्पबेरी पाय किंवा आर्डुइनोवर घालून दोन बटणं आणि दिवे जोडून पाहा. त्या बोर्डांच्या पिना ३.३ किंवा ५ व्होल्टच्या असतात, २४ व्होल्टचा सेन्सर थेट लावला तर बोर्ड जळेल. मध्ये ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा भाग) किंवा रिले घाला. आणि इमर्जन्सी स्टॉप कधीही साध्या पीएलसीच्या प्रोग्रॅमवर सोडू नका. तो सेफ्टी रिलेतून (सुरक्षेसाठीच्या खास रिलेतून) वायरने जातो. पीएलसीला फक्त तो दाबला गेल्याची खबर द्यायची.