मुलीला अमेरिकेतल्या डिव्हिजन वन (कॉलेज खेळांची सगळ्यात वरची पातळी) कॉलेजच्या स्विमिंग टीमकडून रिक्रूटेड वॉक-ऑनची (कोचने स्वतः बोलावलेली, पण खेळाची स्कॉलरशिप नसलेली जागा) ऑफर आलीय, स्कॉलरशिप शून्य. घ्यावी का?

ताई, आधी पोरीचं अभिनंदन. कोच स्वतःहून जागा देतोय म्हणजे तिचं टायमिंग त्याच्या नजरेत भरलंय. माझी मुलगी पण इथे अमेरिकेत वॉक-ऑन म्हणूनच कॉलेजला पोहली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही म्हणताय कोच म्हणाला "टीममध्ये जागा आहे, पैसे नाहीत", आणि दुसरीकडे एक डिव्हिजन थ्री (त्याच रचनेतली खालची पातळी) कॉलेज चांगली मेरिट स्कॉलरशिप देतंय. पैशाचं नंतर बघू, आधी ती जागा किती पक्की आहे ते बघा. जून 2025 मध्ये कोर्टाने हाउस सेटलमेंट (कॉलेज खेळाडूंच्या पैशांबद्दलच्या खटल्यातली तडजोड) मंजूर केली आणि सगळं गणितच फिरलं. आधी मुलींच्या स्विमिंगला 14 स्कॉलरशिपची मर्यादा होती पण टीममध्ये किती जणी ठेवायच्या यावर बंधन नव्हतं, त्यामुळे कोच लोक वॉक-ऑन मुली बिनधास्त घ्यायचे. आता जी कॉलेजं सेटलमेंटमध्ये आहेत तिथे स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि रोस्टरला, म्हणजे टीममधल्या एकूण मुलींना, 30 ची मर्यादा आली, तीही डायव्हर धरून. उद्या ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) एखादी जास्त वेगवान मुलगी आली की कात्री कुणावर चालणार ते उघड आहे. जी कॉलेजं सेटलमेंटमध्ये नाहीत त्यांना हा नियम लागू नाही, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा.

फोनवर बोललात तरी नंतर ईमेल टाकाच, आणि तो मुलीनेच टाकावा, तुम्ही नाही. माझ्या मुलीने सरळ लिहिलं होतं: पहिलं पूर्ण वर्ष रोस्टरवर माझी जागा नक्की आहे का, की ऑगस्टमध्ये ट्रायआउट द्यायची? दुसऱ्या वर्षी टिकायला कोणत्या इव्हेंटमध्ये किती टाइम लागेल? अ‍ॅडमिशन ऑफिसला तुम्ही माझं नाव देणार का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका, कोचने हो म्हटलं म्हणजे अ‍ॅडमिशन झाली असं होत नाही. तिला उत्तरात अमुक सेकंद असा स्पष्ट आकडा आला तेव्हा मला खरा धीर आला. "वी लव्ह युवर पोटेन्शियल" एवढंच आलं तर त्यावर घर गहाण टाकू नका.

स्विमक्लाउड या स्विमिंगच्या निकालांच्या वेबसाइटवर त्या टीमच्या मुलींचे टाइम बघा, तुमची मुलगी तिच्या मेन इव्हेंटमध्ये कितवी येते ते मोजा. चौथ्या-पाचव्या नंबरवर असेल तर कॉन्फरन्स मीटच्या (कॉलेजच्या गटातली सीझनअखेरची मोठी स्पर्धा) टीममध्ये निवड अवघड, मग चार वर्षं पहाटे उठून फक्त प्रॅक्टिस हे तिला चालेल का ते तिलाच विचारा. सीझनमध्ये नियमाने आठवड्याला 20 तास, पण प्रवास वगैरे त्यात धरत नाहीत, इंजिनिअरिंग घेणार असेल तर लॅबच्या वेळा आधीच बघून ठेवा.

पैशाचं म्हणाल तर वॉक-ऑन असली तरी कॉलेजची मेरिट आणि नीड-बेस्ड मदत मिळू शकते, तिथला फॉर्म भराच. आणि डिव्हिजन थ्रीला कमी समजू नका हो, तिथे अ‍ॅथलेटिक स्कॉलरशिप कुणालाच नसते, त्यामुळे पैसे मिळणारी आणि न मिळणारी असा भेद टीममध्ये नसतो. स्विमिंग उद्या बंद झालं तरी त्या डिव्हिजन वन कॉलेजात तिला शिकायचंय आणि फी तुम्हाला झेपतेय, असं असेल तरच हो म्हणा. नाहीतर मी तरी डिव्हिजन थ्रीच घेईन, तिथे ती पहिल्या वर्षापासून रेसमध्ये उतरेल.