फोटो असताना चित्र कशाला?

प्रश्न: मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. जुन्या जंगल-मोहिमांचे फोटो दाखवले की पोरं जांभया देतात, आणि चित्र दाखवलं की म्हणतात, टीचर, हे तर मनानेच रंगवलंय! मग चित्रावर भरवसा ठेवायचा की नाही? – एक शिक्षिका, वाळपई

उत्तर: ताई, पोरं अर्धी बरोबर आहेत. अमेरिकेतल्या यलोस्टोन या डोंगराळ भागाचंच घ्या ना. थॉमस मोरान या चित्रकाराने 1871 मध्ये तिथली पहिली चित्रं काढली ती जागा न बघताच, दुसऱ्यांच्या कच्च्या स्केचांवरून, एका मासिकासाठी. मग त्याच वर्षी तो हेडन या भूगर्भशास्त्रज्ञाच्या सरकारी मोहिमेसोबत स्वतः गेला, बरं आयुष्यात कधी घोड्यावर बसलेला नव्हता, तर खोगीरावर उशी टाकून गेला बिचारा! सोबत जॅक्सन हा फोटोग्राफर होता, पण त्याचे फोटो ब्लॅक अँड व्हाइट, म्हणजे दरी किती खोल ते कळणार, पण तिचे कडे पिवळेधमक आहेत हे कसं कळणार? ते मोरानच्या वॉटरकलरमध्ये दिसलं. फोटो आणि चित्रं दोन्ही खासदारांपुढे गेली आणि 1 मार्च 1872 ला यलोस्टोन नॅशनल पार्क झालं. नंतर मोरानचं त्या दरीचं जवळपास 12 फूट रुंद चित्र अमेरिकन संसदेने 10,000 डॉलरला घेतलं. त्यात त्याने खडक-झाडं आपल्या सोयीने हलवलीत, ते त्याने लपवलंही नाही. म्हणून मी तरी मोठ्या चित्रापेक्षा जागेवरच्या स्केचवर जास्त भरवसा ठेवतो.

स्कॉट या ब्रिटिश मोहीमप्रमुखासोबत अंटार्क्टिकाला गेलेला चित्रकार एडवर्ड विल्सन बघा, तिथे वॉटरकलर ब्रशवरच गोठणार, म्हणून तो बाहेर नुसती पेन्सिल चालवायचा, कुठे कुठला रंग ते बाजूला शब्दांत लिहायचा आणि झोपडीत परतल्यावर रंगवायचा.

हेच पोरांकडून करून घ्या की. पाऊस उघडला की जवळच्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर न्या, रंगपेटी शाळेतच ठेवा, फक्त पेन्सिल आणि कागद. नुसतं 'हिरवा' लिहिलेलं चालणार नाही, 'चिऱ्यावरच्या ओल्या शेवाळाचा हिरवा' असं लिहायला लावा. (जळवांसाठी मीठ घ्या हां.) दोन दिवसांनी वर्गात रंगवू देत आणि मग त्याच जागेचा मोबाइलवरचा फोटो शेजारी ठेवा. कोणी काय हलवलं, काय मनाने घातलं, ते पोरंच एकमेकांचं पकडतील, तुम्हाला बोलावंच लागणार नाही.