मुलानं प्रेस बंद ठेवला, यात चुकलं काय?

तुमचं पत्र वाचलं. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा, 61 टक्के, चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात) दीड वर्षापासून लाइन सुपरवायझर. रात्रपाळीत त्यानं एक प्रेस तासभर बंद ठेवला म्हणून मॅनेजरनं सगळ्यांसमोर झापलं. आता तो सेफ्टीचा डिप्लोमा करायचं म्हणतोय, आणि तुमची इच्छा अशी की 'नसत्या भानगडीत पडू नकोस' हे त्याला मी समजवावं.

मी नाही समजवणार. मार्क, घराचे हप्ते, लग्नाचं वय, सगळ्याबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंय. त्या प्रेसवर बसलेल्या ठेक्यावरच्या पोराबद्दल एक ओळही नाही. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात ती दोन्ही हात गुंतून राहावेत म्हणून. दोन्ही दाबली तरच रॅम, म्हणजे प्रेसचा वरून आदळणारा भाग, खाली यायला हवा. तुमच्याच पत्राप्रमाणे एक बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून ठेवलं होतं. त्यानं एक हात मोकळा होतो, पत्रा भराभर सरकवता येतो, नग वाढतात. तोच हात डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, असताना रॅम आला की बोटं जातात. तुमच्या मुलानं पट्टी काढायला लावली आणि मेंटेनन्सवाला येईपर्यंत प्रेस चालू दिला नाही. यात भानगड कसली?

'सेफ्टी बघायला सेफ्टी ऑफिसर असतो, सुपरवायझरनं प्रॉडक्शन बघावं' हा समज तर आधी डोक्यातून काढा. 1948 च्या कारखाना कायद्यात सेफ्टी ऑफिसरची सक्ती साधारणपणे हजार कामगारांपासून होती, 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेनं ती पाचशेवर आणली. छोट्या प्रेस शॉपमध्ये तो नसतोच, आणि मोठ्या कंपनीतही रात्री अडीचला प्रत्येक लाइनवर तो उभा नसतो. चिकटपट्टी सुपरवायझरला दिसते. डबल शिफ्ट करून कोण पेंगतोय, प्रेसच्या आवाजानं कोणाला हाक ऐकू येईनाशी झालीय, ऑइलनं कोणाच्या हाताला चट्टे पडलेत, हेही आधी त्यालाच कळतं. कामावर कोणाला बसवायचं, कोणाला उठवायचं हे तोच ठरवतो. हे काम प्रॉडक्शनपासून वेगळं काढताच येत नाही.

जेईची (सरकारी ज्युनिअर इंजिनिअरची) परीक्षा किंवा थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग हे रस्ते उघडे आहेत, त्याला हवं असेल तर. सेफ्टीचा डिप्लोमाही चांगला; शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेतला नावाजलेला आहे. पण माझं मत विचाराल तर आत्ता कोर्स नको, कंपनी बदलावी. सेफ्टी ऑफिसर व्हायला कारखान्यातला सुपरवायझरीचा अनुभव लागतो, आणि डिप्लोमावाल्याला तो पदवीधरापेक्षा जास्त वर्षांचा लागतो. तो अनुभव अशा ठिकाणी घ्यावा, जिथे मशीन थांबवल्याबद्दल शिव्या बसत नाहीत. मुलाखतीला गेला की शॉप फ्लोअर दाखवा म्हणावं आणि प्रेसची बटणं बघून यावीत.

तोवर असा दोष दिसला की प्रेसचा नंबर आणि वेळ शिफ्टच्या वहीत लिहावी, मेंटेनन्सला मेल टाकावा. तरीही 'चालव' असा हुकूम आला, तर त्यानं राजीनामा द्यावा आणि दोन महिन्यांचे हप्ते तुम्ही सांभाळावेत.